जहाजाचा तास मोजता, मग माणसाचा तास का मोजत नाही?

गेल्या महिन्यात मूलच्या बुद्धविहारात आमची अभ्यासबैठक झाली. विषय होता खासगीकरण आणि आरक्षण. बोलणे कोळसा खाणी, वीज केंद्र, एसटी असे फिरत असताना मागे बसलेला सिंदेवाहीकडचा एक पोरगा उठला. तो उरणजवळच्या एका कंटेनर यार्डात ठेकेदाराकडे काम करतो. आईच्या आजारपणासाठी गावी आला होता. म्हणाला, "भाऊ, जहाज लागलं का सारेच धावतेत. मिनिटामिनिटाचा हिशेब. अन् गाड्या रातभर लाइनीत उभ्या राहतेत, तं तो टाइम कोनाच्याच हिशेबात नाही. हे कोनतं प्लॅनिंग आहे?"

बैठकीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते हसून म्हणाले, "अरे बाबू, आपण जंगलातली माणसं. समुद्र पाहाले आठशे-नऊशे किलोमीटर जावं लागते. बंदराशी आपला काय संबंध?" विषय तिथेच संपला.

आमच्या डोक्यात मात्र तो संपला नाही. त्या पोराने विचारलेला प्रश्न हा आजच्या अर्थव्यवस्थेचा गाभा आहे आणि तो हसण्यावारी नेणे ही आपल्या चळवळीची चूक आहे, असे आमचे मत आहे. म्हणून हा लेख.

ज्येष्ठांना आधी उत्तर देऊ. बंदराशी आपला संबंध काय, असे विचारणाऱ्यांनी आठवावे की बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४५ मध्ये जलमार्ग, सिंचन आणि जलवाहतूक यांचा केंद्रीय आयोग स्थापन झाला. नदी, धरण, वीज, जहाज यांचे नियोजन हा बाबासाहेबांच्या टेबलावरचा विषय होता. तो आपल्या बैठकीतला विषय का नसावा? नियोजन हे वरच्यांचे काम आणि मोर्चा हे आपले काम, ही विभागणी कोणी ठरवली? बाबासाहेबांनी श्रमविभागणी आणि श्रमिकांची विभागणी यातला फरक आयुष्यभर समजावून सांगितला. आपणच आपल्या डोक्यात ती दुसरी विभागणी जपून ठेवायची काय?

आता मूळ मुद्दा.

कंटेनर म्हणजे तो लोखंडी डबा, वीस किंवा चाळीस फुटांचा. तो जन्मला त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेतला माल्कम मॅकलीन हा ट्रकवाला. १९३७ मध्ये कापसाच्या गाठी घेऊन तो बंदरावर गेला आणि गाडी खाली होण्याची वाट पाहत दिवसभर ताटकळला. तेव्हाच त्याच्या डोक्यात आले की गाठी एकेक करून उतरवण्यापेक्षा अख्खा डबाच उचलून जहाजावर ठेवला तर? ही हकीकत त्याने स्वतःच नंतर सांगितली आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी त्याचे 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ डबे घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. सुटा माल चढवायला टनामागे जवळपास सहा डॉलर लागत, तो खर्च सोळा सेंटच्या आसपास आला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला आमच्या चंद्रपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. एकाच वर्षातल्या दोन घटना. एकीने मालाचा प्रवास मोकळा केला, दुसरीने माणसाचा.

गंमत पाहा. कंटेनरची कल्पना निघाली ती ट्रकवाल्याच्या ताटकळण्यातून. सत्तर वर्षे होत आली. माल वाट पाहायचा थांबला, जहाज वाट पाहायचे थांबले. ट्रकवाला अजून रांगेतच आहे.

असे का झाले? कारण उत्पादकता हा एक भागाकार आहे. वर काम, खाली वेळ. किती डबे हलवले भागिले किती तास लागले. धक्क्यावरची मोठी क्रेन तासाला साधारण २५ ते ३० डबे हलवते. हा आकडा टर्मिनलचा अभिमान असतो. जहाज किती तासांत परत निघाले, हा दुसरा अभिमान. पण भागाकारात खाली कोणाचे तास धरायचे, हे गणित सांगत नाही. ते सत्ता सांगते. खाली फक्त जहाजाचे तास धरले, तर ट्रकवाल्याला आठ तास उभे ठेवूनही टर्मिनल 'कार्यक्षम' ठरते. उलट जहाजासाठी यंत्रे आणि माणसे पळवली आणि गाड्यांना थांबवले, तर आकडा आणखी चांगला येतो. म्हणजे जी उत्पादकता वाढली असे सांगितले जाते, तिचा काही भाग प्रत्यक्षात दुसऱ्याच्या डोक्यावर सरकवलेला खोळंबा असतो.

यार्डात हे कसे घडते ते समजून घेऊ, कारण समजल्याशिवाय भांडता येत नाही. उतरवलेले डबे यार्डात एकावर एक चार-पाच थरांत रचतात. सर्वांत खालचा डबा हवा असेल तर वरचे सगळे आधी बाजूला ठेवावे लागतात. या हालचालीचा कोणालाच पैसा मिळत नाही, तिने डिझेल आणि वेळ मात्र जातो. यार्ड जितके भरलेले, तितकी ही उलथापालथ जास्त. यावर उपाय ठाऊक आहे. कोणती गाडी किती वाजता, कोणता डबा न्यायला येणार हे आधी कळले, तर रात्रीच्या निवांत वेळेत तो डबा वर काढून ठेवता येतो. गाडी आली, डबा घेतला, निघाली. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच बंदरांत गाड्यांना अशी वेळ नेमून देतात. याचा अर्थ असा की चांगले नियोजन केले तर टर्मिनलचेही भले होते आणि ड्रायव्हरचेही. ड्रायव्हरचा खोळंबा ही अटळ नैसर्गिक आपत्ती नाही. तो कोणीतरी घेतलेला, किंवा घ्यायचा टाळलेला निर्णय आहे.

न्हावा-शेवा बंदराने काहीच केले नाही असे आम्ही म्हणत नाही. २६ मे १९८९ रोजी सुरू झालेल्या या बंदराने २०२४-२५ मध्ये वीस फुटी डब्यांच्या हिशेबाने ७३ लाखांच्या आसपास कंटेनर हाताळले. बंदरातूनच थेट माल नेण्याची सोय झाली, कागदपत्रे ऑनलाइन झाली, गाड्यांसाठी पार्किंग प्लाझा झाला. २०१६ पासून प्रत्येक डब्याला रेडिओ टॅग लावून तो कुठे किती वेळ होता याचा माग ठेवला जातो. चांगले आहे. पण टॅग डब्याला लागला, माणसाला नाही. डबा ठरलेल्या मुदतीपेक्षा एक दिवस जास्त पडून राहिला तर त्याचे रोजाचे भाडे लागते. माणूस रात्रभर स्टिअरिंगवर डोके टेकवून पडून राहिला तर त्याचे भाडे कोण देतो? गाडीमालकाला भांडून कधी हॉल्टिंग मिळते. ड्रायव्हर-क्लीनरला ट्रिपवर पैसे. ट्रिप आठ तासांची असो की तीस तासांची, पैसे तेवढेच. १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. ती मर्यादा रांगेत कोणत्या वाटेने निघून गेली?

कोणी म्हणेल, वाट पाहण्याचे पैसे कोण देतो? हे अव्यवहार्य आहे. आम्ही सांगतो, याच मुंबईत दिले गेले आहेत. गोदीत पूर्वी मुकादम सकाळी टोळी निवडायचा. जहाज आले तर काम, नाही तर उपाशी. त्याच्या मर्जीतला तो आत, बाकीचे बाहेर. मर्जी कोणत्या नात्यावर, कोणत्या जातीवर चालते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा झाला, डॉक लेबर बोर्ड आले. कामगाराची नोंदणी झाली, पाळीने काम मिळू लागले आणि जहाज नसलेल्या दिवशीही हजेरीचा भत्ता मिळू लागला. म्हणजे वाट पाहण्याला किंमत आली. १९६९ च्या माथाडी कायद्यानेही बोर्डात नोंदणी हेच तत्त्व घेतले. एकदा वाट पाहण्याचे पैसे द्यावे लागले की मालक आपोआप नियोजन शिकतो. फुकटचा वेळ कोणी जपून वापरत नाही. विकत घ्यावा लागला की मात्र मिनिटाचा हिशेब सुरू होतो. उत्पादकतेचा खरा शिक्षक हा कामगाराचा हक्क आहे, हे त्या इतिहासाचे सार आहे.

आता दुसरी गोष्ट, जी आपल्या जिव्हारी लागली पाहिजे. न्हावा-शेवा उभे राहिले तेव्हा ते सरकारी बंदर होते. भरती सरकारी, म्हणून आरक्षण लागू. १९९७ मध्ये देशातल्या पहिल्या खासगी कंटेनर टर्मिनलचा करार इथेच झाला. मग एकेक टर्मिनल खासगी संचालकांकडे गेले. २०२१ मध्ये मोठ्या बंदरांचा कायदा बदलला आणि २०२२ मध्ये बंदराने स्वतः चालवलेले टर्मिनलही खासगी संचालकाला दिले. बंदर आता फक्त जमीनमालक उरले. प्रत्येक वेळी कारण एकच सांगितले गेले, उत्पादकता. संविधानातले एक अक्षर बदलले नाही. कलम १६(४) जागच्या जागी आहे. फक्त ज्या नोकऱ्यांना ते लागू होते, त्या नोकऱ्याच त्याच्या कक्षेबाहेर उचलून ठेवल्या. डबा यार्डातून उचलून दुसऱ्या थप्पीवर ठेवावा तसे. आपण मंडलच्या, पदोन्नतीच्या, वर्गीकरणाच्या वादात अडकलो होतो तेव्हा हे घडत होते.

आणि त्या जमिनीचे काय? उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी, आगरी-कोळी समाजाने १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई आणि नवघरच्या परिसरात गोळ्या झेलल्या. पाच जण शहीद झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढून त्यांनी साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व मिळवले. पण प्रत्यक्ष भूखंडासाठी पुढे दशके झगडावे लागले. जहाजाला तास लागतात, प्रकल्पग्रस्ताला पिढ्या. हाही त्याच भागाकारातला न धरलेला वेळ.

आता आपल्या जिल्ह्यांकडे या. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचे लोहखनिज ट्रकने बाहेर जाऊ लागले, तेव्हा आलापल्ली-आष्टी रस्त्याचे काय झाले ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. ट्रकांच्या रांगा, चिखल, धूळ, अपघात. शाळेत जाणारी पोरे बाजूला, दवाखान्यात नेली जाणारी बाई ट्रकांच्या मागे अडकलेली. टर्मिनलमध्ये गाडीला वेळ नेमून देता येते, मार्गिका आखता येते, वजन मोजता येते, गर्दी आधी ओळखता येते. हे शास्त्र देशात उपलब्ध आहे, त्याच राज्यात वापरले जाते. मग ते अहेरी-एटापल्लीच्या रस्त्यावर का पोहोचत नाही? कारण तिथे खोळंबणारे जहाज नाही, माडिया बाई आहे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. चाळीस वर्षे उलटली तरी जिल्ह्याच्या मुख्यालयाला आगगाडी नव्हती; वडसा-गडचिरोली हा अवघा ५२ किलोमीटरचा मार्ग रखडत राहिला. खनिजासाठी वाट लवकर सापडते, माणसासाठी फाइल सापडत नाही. नियोजनाची क्षमता नाही असे मुळीच नाही. ती कोणासाठी वापरायची हे ठरलेले आहे.

इथे काही जण आम्हाला म्हणतील, तुम्ही उत्पादकतेच्या विरोधात आहात, यंत्राच्या विरोधात आहात. अजिबात नाही. उत्पादकता हा शब्द भांडवलदाराच्या हाती सोडून देणे ही बाबासाहेबांशी प्रतारणा होईल. १९१८ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. सगळे म्हणत होते, शेताचे तुकडे छोटे आहेत म्हणून शेती तोट्यात. बाबासाहेबांनी प्रश्न फिरवला. शेत मोठे की छोटे हे नुसत्या क्षेत्रफळावर ठरत नाही. त्या जमिनीला जोडून भांडवल किती, अवजारे किती, माणसे किती, या प्रमाणावर ठरते. जमिनीवर माणसे रिकामी पडून आहेत हा खरा रोग, आणि उपाय औद्योगिकीकरण. पाहा, शंभर वर्षांपूर्वी त्यांनी रिकाम्या पडलेल्या माणसाचा तास हिशेबात धरला होता. आजच्या नियोजनकारांना तो धरता येत नाही. यंत्राचे स्वागत करणारा आणि माणसाचा तास न विसरणारा, असा तो अर्थशास्त्रज्ञ होता. आपण त्याचे वारसदार आहोत.

यंत्र आले तर कामगार बुडालाच पाहिजे असेही नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या संघटनेने, हॅरी ब्रिजेस यांच्या नेतृत्वाखाली, १९६० मध्ये करार केला. यंत्रे येऊ द्या, पण त्यातून वाचणाऱ्या पैशात आमचा वाटा. मालकांनी वर्षाला सुमारे ५० लाख डॉलर कामगारांच्या निधीत टाकायचे, नोंदणीकृत कामगाराला कामावरून काढायचे नाही, लवकर निवृत्त होणाऱ्याला पैसे. ते करू शकले कारण ते संघटित होते आणि त्यांना धंद्याचे गणित कळत होते. दोन्ही गोष्टी. नुसती संघटना पुरत नाही, नुसते शिक्षणही पुरत नाही.

हा सगळा विषय आज तातडीचा का आहे? पालघर जिल्ह्यात वाढवण बंदर येते आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. खर्च ७६,२२० कोटी रुपये, प्रत्येकी एक हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल. मालकी ७४ टक्के न्हावा-शेवा बंदराची आणि २६ टक्के महाराष्ट्र सागरी मंडळाची, म्हणजे सार्वजनिक. दहा लाख रोजगारांची शक्यता सांगितली जाते. कोणते रोजगार? कोणाला? कोणत्या अटींवर?

इथे आम्हाला एक गोष्ट नीट सांगायची आहे, कारण आपल्याच काही मित्रांना ती अडचणीची वाटते. वाढवणचे मच्छीमार आणि डहाणूचे आदिवासी वर्षानुवर्षे या बंदराला विरोध करत आहेत. आमच्या पोरांना नोकरी मिळावी म्हणून त्यांचा समुद्र जावा, हा सौदा आम्हाला मान्य नाही. सुरजागडच्या वेळी बाहेरच्यांनी 'रोजगार येईल' म्हणून आपल्याला गप्प बसवायचा प्रयत्न केला, तेव्हा आपल्याला कसे वाटले होते? तेच आपण त्यांच्याशी करणार नाही. त्यांच्या लढ्याला आमचा पाठिंबा आहे. पण जे टर्मिनल उभे आहे आणि जे उभे राहील, त्याच्या करारात काय लिहिले जाते यावर गप्प राहणे हाही पाठिंबा नव्हे. ती शरणागती आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा.

एक. टर्मिनल खासगी संचालकाला तीस-तीस वर्षांसाठी ज्या कन्सेशन कराराने दिले जाते, तो सार्वजनिक संस्थेने केलेला करार आहे. जहाज किती वेळात सोडायचे, किती डबे हाताळायचे याच्या अटी त्यात घालता येतात. मग अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी आणि प्रकल्पग्रस्तांच्या भरतीची अट का घालता येत नाही? ती घाला.

दोन. टर्मिनलच्या उत्पादकतेच्या आकड्यांत ड्रायव्हरचा वेळ धरा. फक्त गेटच्या आतला नव्हे; पार्किंगमधला, रस्त्यावरचा, रिकाम्या डब्यासाठी या यार्डातून त्या यार्डात भटकण्याचाही. दर महिन्याला तो जाहीर करा आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडच्या तासांचे पैसे थेट ड्रायव्हर-क्लीनरच्या खात्यात टाका.

तीन. संविधानाचे कलम ४३-अ कामगारांचा उद्योगाच्या व्यवस्थापनात सहभाग सांगते. नियोजनाच्या खोलीत, जिथे पडद्यावर डबे हलवले जातात, तिथे ठेका कामगारांचा प्रतिनिधी बसवा. कोणता डबा कुठे अडतो हे त्याला पडद्याआधी कळते.

चार. जे वेळापत्रक, मार्गिका आणि मोजमापाचे शास्त्र बंदरावर वापरता, तेच गडचिरोलीच्या खनिज वाहतुकीला लावा. शाळेच्या वेळेत ट्रक बंद, रुग्णवाहिकेला वाट आणि तपासणीत ग्रामसभेचा माणूस.

आणि पाचवी मागणी सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे, तरुणांनो. आपली पोरे बंदरावर जातात ती लॅशिंगला, ड्रायव्हिंगला, सिक्युरिटीला. यार्ड प्लॅनर, बर्थ प्लॅनर, क्रेन ऑपरेटर या जागांवर किती? हे काम रॉकेटशास्त्र नाही. गणित, संगणक आणि सराव. एमपीएससीच्या एकाच दारावर हजारो पोरे डोके आपटत आहेत. आपल्या अभ्यासिकांमध्ये लॉजिस्टिक्सचे, सागरी कायद्याचे, कंत्राटी कामगार कायद्याचे एकेक पुस्तक ठेवा. जो यार्डात काम करून आला आहे त्याला व्याख्यानाला बोलवा. त्या दिवशी त्या पोराला आम्ही खाली बसवले, ही आमची चूक होती. पुढच्या बैठकीत तो बोलणार आहे, आम्ही ऐकणार आहोत.

कोणाला वाटेल, मोजणीवर एवढा जोर कशाला? ज्यांनी तेंदूपत्ता तोडला आहे त्यांना हे सांगायची गरज नाही. सत्तर पानांचे एक पुडके. पहाटे जंगलात जायचे, दुपारी घरभर बसून बांधायचे, संध्याकाळी फळीवर न्यायचे. तिथे फळीमुन्शी मोजायचा आणि मोजताना पुडकी मारायचा. मेहनत आपली, वही त्याची. मग वनहक्क आणि पेसा आले. मेंढा-लेखाने २०११ मध्ये आपला बांबू स्वतः विकायचा हक्क मिळवला. गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. वही ग्रामसभेकडे आली. जंगल तेच, पान तेच, बोटे तीच. पण मोजणारा बदलला आणि मजुरीपासून बोनसपर्यंत सगळे बदलले.

बंदरावरही प्रश्न वहीचाच आहे. वही कोणाच्या हातात आहे आणि तिच्यात कोणाचा तास लिहिला जातो. आमच्या आजा-आजीने जंगलात ती वही हिसकावून घेतली. समुद्रावरची वही घ्यायला आपण शिकू, संघटित होऊ आणि संघर्ष करू.

जय भीम! जय संविधान! जय सेवा!